मोड केलेला पीएसपी कधी सुरू होतो, कधी नाही? कार्ड फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

डिजिटल डेस्क, जळगाव : आखाजीला घरी सगळे जमले, की माळ्यावरचे खोके खाली उतरतात. आमच्याकडे त्यातून धाकट्या भावाचा सोनीचा पीएसपी निघाला. एकेकाळी जळगावहून एसटीत बसलं, की एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला मामाकडे पोहोचेपर्यंत तो त्याच्या हातातून सुटत नसे. रात्रभर चार्जिंगला लावला, सकाळी स्विच वर सरकवला. हिरवा दिवा लागला आणि तीन सेकंदांत विझला. पाचव्या प्रयत्नाला मात्र व्यवस्थित सुरू झाला. दुपारी पुन्हा तेच.

पूर्ण बंद पडलेलं यंत्र परवडलं, पण हे ‘मनात आलं तर चालतो’ प्रकरण डोकं उठवतं. त्यात कन्सोल मोड केलेला असेल, तर दोष वीजपुरवठ्याचा, मेमरी कार्डचा की सॉफ्टवेअरचा, हेच कळत नाही. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मोड केलेला म्हणजे नेमकं काय?

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी विक्रीला आला. सोनीचं त्यासाठीचं शेवटचं अधिकृत फर्मवेअर ६.६१, ते २०१५ मध्ये आलं. जगभरातल्या हौशी प्रोग्रामरनी बनवलेलं कस्टम फर्मवेअर त्यावर बसवलं, की डिस्कऐवजी मेमरी कार्डवरून गेम आणि हौशी मंडळींचे छोटे प्रोग्राम चालवता येतात. कॉपीराइट असलेले गेम फुकटात उतरवणं मात्र बेकायदाच आहे, हे जाता जाता.

पहिली तपासणी : बॅटरी काढून टाका

पीएसपी बॅटरीशिवाय, फक्त अडॅप्टरवरही चालतो. अनेकांना हे माहीत नसतं आणि हीच सर्वांत उपयोगी चाचणी आहे. बॅटरी काढा, ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा मूळ अडॅप्टर लावा आणि दहा वेळा चालू-बंद करा. दहाही वेळा सुरू झाला, तर गुन्हेगार बॅटरी आहे.

पण चार्ज तर पूर्ण दाखवत होता! इथेच फसगत होते. घराच्या गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण पाइपात क्षार जमलेत असं समजा. एक नळ बारीक सोडला तर पाणी येतं. तीन नळ एकदम उघडले की धार तुटते. जुन्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध असाच वाढलेला असतो. मल्टिमीटरवर ती ३.९ व्होल्टही दाखवते. पण सुरू होताना प्रोसेसर, पडद्याचा उजेड आणि डिस्क फिरवणारी मोटर एकदम करंट मागतात, तेव्हा व्होल्टेज खाली कोसळतं आणि कन्सोल स्वतःला बंद करून घेतो. एखाद्या वेळी डिस्क नसते किंवा बॅटरी जरा ताजी असते, म्हणून निभावतं. ‘कधी चालतो, कधी नाही’चं बहुतेक वेळा इतकंच गूढ असतं.

त्यात आपला खान्देश. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. लिथियम बॅटरीला उष्णता सर्वांत लवकर म्हातारी करते, आणि पूर्ण चार्ज करून उन्हाळाभर ठेवली तर आणखी लवकर. ठेवायचीच असेल, तर अर्धी चार्ज करून घरातल्या गार कपाटात ठेवा. बॅटरी फुगून मागचं झाकण बसत नसेल, तर ती पुन्हा लावू नका. टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका.

नवीन घेताना मॉडेल पाहा. जाड पीएसपी-१००० ची मूळ बॅटरी १८०० एमएएचची, तर २००० आणि ३००० या सडपातळ मॉडेलची १२०० ची असते. त्याच आकाराच्या स्वस्त बॅटरीवर ३६०० छापलेलं दिसलं, तर तो आकडा फक्त छापलेला आहे असं समजा.

अडॅप्टरवरही सुरू होत नसेल, तर पिन हलवून बघा. दिवा लुकलुकला तर जॅकचा टाका सुटलाय. स्विचमध्ये धूळ गेलेली असणं हेही नेहमीचं. ही दोन्ही कामं गोलाणी मार्केटमधला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरचा चांगल्या हाताचा मोबाइल दुरुस्तीवाला करू शकतो. फक्त सॉफ्टवेअर ‘मारू’ देऊ नका. ते का, हे पुढे.

दुसरी तपासणी : कार्ड काढून सुरू करा

कार्डशिवाय मेन्यू झटकन येतो आणि कार्ड घातलं की अडकतो, तर दोष कार्डात. सोनीची मेमरी स्टिक आता सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक जण अडॅप्टरमध्ये मायक्रोएसडी घालून वापरतात. तो अडॅप्टर सैल बसणं किंवा कार्डच बनावट असणं, या दोन्ही शक्यता असतात. बनावट कार्ड ६४ जीबी सांगतं, पण प्रत्यक्षात जागा थोडीच असते. ती संपली की आधीच्या फाइल बिघडायला लागतात.

उपाय म्हणजे कार्ड पीएसपीच्याच सेटिंगमधून फॉरमॅट करणं. पण त्याआधी ‘पीएसपी’ फोल्डरमधलं ‘सेव्हडेटा’ संगणकावर उतरवून घ्या. मी ते केलं नाही. कार्डच बिघडलंय असं ठरवून सरळ फॉरमॅट मारलं. भावाचे दहावीच्या सुट्टीपासूनचे सेव्ह गेले, आणि पीएसपी तरीही तीन सेकंदांत बंद पडत होता.

तिसरी तपासणी : सुरू होतो, पण गेम गायब

हा बिघाड नाही. पीएसपी-३००० आणि शेवटच्या काही २००० मॉडेलमध्ये कस्टम फर्मवेअर साधारणपणे कायमचं बसत नाही, ते रॅममध्ये राहतं. स्विच थोडासा सरकवून झोपवलं तर टिकतं. काही सेकंद धरून पूर्ण बंद केलं किंवा बॅटरी संपली, तर पुसलं जातं. मग ‘फास्ट रिकव्हरी’ हा प्रोग्राम पुन्हा चालवायचा. ते कायम करणारं ‘इन्फिनिटी’ नावाचं साधन आहे, पण खराब बॅटरीवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मेन्यू येता येता पडदा काळा होत असेल, तर एखादं प्लगइन अडतंय. सुरू करताना उजवं ‘आर’ बटण दाबून धरा. बहुतेक कस्टम फर्मवेअरमध्ये रिकव्हरी मेन्यू उघडतो, तिथून प्लगइन बंद करा. किंवा कार्ड संगणकाला लावून ‘सेप्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदला.

हात आखडता कधी घ्यायचा?

बॅटरी आणि कार्ड बदलूनही प्रत्येक वेळी हिरवा दिवा, काळा पडदा आणि थोड्या वेळाने सगळं बंद असं होत असेल, तर आतली फ्लॅश मेमरी बिघडलेली असू शकते. फर्मवेअर लिहिताना मध्येच वीज गेली, की हे हमखास होतं. म्हणून अपडेट करताना चांगली बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही हवेत. भारनियमनाच्या वेळा पाहून बसलात, तर आणखी बरं.

जुन्या मॉडेलवर याला ‘पँडोरा बॅटरी’चा इलाज आहे. २००७ मध्ये हौशींनी शोधलं, की बॅटरीतला अनुक्रमांक विशिष्ट पद्धतीने बदलला, की पीएसपी सर्व्हिस मोडमध्ये जातो आणि थेट कार्डवरून सुरू होतो. ३००० वर ही युक्ती चालत नाही. सेकंडहँड घेतलेला पीएसपी बॅटरी घालताच आपोआप सुरू होत असेल आणि पडदा काळाच राहत असेल, तर आधीच्या मालकाची पँडोरा बॅटरी तुमच्याकडे आली असण्याची शक्यता मोठी. साधी बॅटरी लावून बघा.

आमच्या पीएसपीला शेवटी बॅटरीच लागली. आता तो दहापैकी दहा वेळा सुरू होतो. भावाने गेम पहिल्यापासून सुरू केलाय, आणि कार्डला हात लावायचा असेल तर आधी मला विचार, असं तो मला सांगून ठेवतो.