स्वतःबद्दल लिहायचंय? घाबरू नका!

सीव्ही तयार आहे, मार्कशीट स्कॅन झाल्या, रेकमेंडेशन लेटरसाठी सरांच्या मागे लागूनही झालं. आता फक्त निबंध उरलाय... आणि नेमकं तिथेच घोडं अडतं! एरवी ऑफिसात क्लायंटला सहज पटवणारी मंडळी ‘स्वतःबद्दल लिहा’ म्हटलं की एकदम गप्प. कारण शाळेत आपण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिला, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्तही लिहिलं. स्वतःचं मात्र कधीच नाही. त्यात ‘आपणच आपली आरती कशी ओवाळायची?’ हा खास मध्यमवर्गीय संकोच.

मग नेटवरचा नमुना उचलायचा, नाहीतर कन्सल्टंटला पैसे मोजायचे. आता तर एआयही दिमतीला आहे. पण ‘लहानपणापासूनच मला कम्प्युटरची आवड होती’ हे वाक्य निवड करणाऱ्यांनी किती वेळा वाचलं असेल, विचार करा. शिवाय ब्रिटनमधल्या पदवी प्रवेशाचे अर्ज घेणारी ‘यूकास’ प्रत्येक पर्सनल स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंट्सशी ताडून बघते. आणि उसन्या निबंधावर इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचलात, तर तिथे उत्तरं कोण देणार?

मग त्यांना हवं तरी काय? ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपचंच घ्या. ती एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च उचलते. नेतृत्व, लोकसंपर्क, कोर्सची निवड आणि पुढचा करिअर प्लॅन यांवर तुम्हाला लिहावं लागतं. अट अशी की, शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायचं. म्हणजे ‘लंडनला सेटल व्हायचंय’ असं लिहिलंत की पत्ता कट! निबंधाआधी स्कॉलरशिपचा हेतू वाचा, तो यासाठी.

आता ‘आम्ही’कडून ‘मी’कडे या. ‘गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग’ यातून काहीच कळत नाही. ‘डीजेचा खर्च वाचवून अभ्यासिका सुरू करायला मंडळातल्या काकांना मी पटवलं, त्यासाठी तीन मीटिंगा लागल्या’ यातून तुम्ही दिसता. ही फुशारकी नव्हे, माहिती आहे.

आणि कमकुवत बाजू? केटी लागली असेल, वर्ष वाया गेलं असेल, तर दोन ओळींत कारण सांगा आणि पुढे चला. याचा धडा आपल्याकडेच आहे. १८८३ साली अमेरिकेत पोहोचलेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मागणारं पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसत नसू, हे त्यांनी सरळ मान्य केलं. पण आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलेय, आणि पुरुष डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा मरण बरं मानणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी मला डॉक्टर व्हायचंय, हेही ठणकावून सांगितलं. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये पदवीही!

तर लिहा, चार दिवस बाजूला ठेवा, मग निर्दयपणे कापा. शेवटी नाव झाकून एखाद्या जुन्या मित्राला वाचायला द्या. ‘अरे, हा तर तूच!’ असं तो म्हणाला, तर खुशाल सबमिट करा.