भारतातील पेटंट अर्ज क्रमांक

पेटंट अर्ज क्रमांक म्हणजे पेटंटसाठी (एकस्वासाठी) दाखल झालेल्या प्रत्येक अर्जास भारतीय पेटंट कार्यालय देत असलेला ओळखक्रमांक होय. अर्ज दाखल झाल्यापासून तो निकाली निघेपर्यंत हा क्रमांक बदलत नाही. कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार, अर्जाची प्रसिद्धी, त्याचे परीक्षण आणि त्यावरील विरोध याच क्रमांकाखाली नोंदवले जातात. पेटंट मंजूर झाल्यावर त्यास निराळा पेटंट क्रमांक मिळतो.

कार्यालये आणि अधिकारक्षेत्र

भारतीय पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकाता येथे असून दिल्ली, मुंबई व चेन्नई येथे शाखा आहेत. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा, छत्तीसगड तसेच दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे मुंबई शाखेचे अधिकारक्षेत्र आहे. ही शाखा पूर्वी लोअर परळ (पश्चिम) येथील सन मिल कंपाउंडमधील टोडी इस्टेट या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. पुढे ती अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात हलवण्यात आली. अर्ज कोणत्या शाखेत करावयाचा, हे अर्जदाराचा निवास, व्यवसायाचे ठिकाण किंवा शोधाचे उगमस्थान यांवरून ठरते. भारतात व्यवसाय किंवा निवास नसलेल्या अर्जदाराच्या बाबतीत त्याने दिलेला भारतातील पत्ता विचारात घेतला जातो.

२०१६ पूर्वीची पद्धत

डिसेंबर २०१५ पर्यंत प्रत्येक शाखेची स्वतंत्र क्रमवारी होती. क्रमांकात अनुक्रम, शाखेची रोमन आद्याक्षरे आणि वर्ष असे तीन भाग असत. मुंबईसाठी आधी ‘बीओएम’ व शहराच्या नामांतरानंतर ‘एमयूएम’ ही अक्षरे वापरली जात. पेटंट सहकार्य करारान्वये (पीसीटी) परदेशातून भारतात आलेल्या अर्जांसाठी ‘एमयूएमएनपी’ अशी वेगळी मालिका होती. त्यामुळे १२३४/एमयूएम/२००५, १२३४/एमयूएमएनपी/२००५ आणि १२३४/डीईएल/२००५ असे तीन वेगळे अर्ज असू शकत. मधली अक्षरे गाळून क्रमांक लिहिल्यास तो कोणत्या अर्जाचा, हे सांगता येत नसे.

सध्याची रचना

१ जानेवारी २०१६ पासून बारा अंकी क्रमांक दिला जातो.

पहिले चार अंक: अर्ज दाखल झाल्याचे वर्ष.
पाचवा अंक: कार्यालय. १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई.
सहावा अंक: अर्जाचा प्रकार. १ ते ३ सामान्य, ४ ते ६ परदेशातील आधीच्या अर्जाचा अग्रक्रम सांगणारा (कन्व्हेन्शन) आणि ७ ते ९ पीसीटी. प्रत्येक गटातील पहिला अंक मूळ अर्जाचा, दुसरा विभाजित अर्जाचा व तिसरा पुरवणी पेटंटाच्या अर्जाचा असतो.
शेवटचे सहा अंक: चारही कार्यालयांसाठी सामाईक अनुक्रम.

यानुसार २०२०२१ या अंकांनी सुरू होणारा अर्ज २०२० साली मुंबई कार्यालयात दाखल झालेला सामान्य अर्ज होय, तर २०१७२७ ने सुरू होणारा अर्ज त्याच कार्यालयातील २०१७ सालचा पीसीटी अर्ज असतो.

क्रमांकातील वर्षावरून पेटंटाची मुदत काढता येत नाही. विभाजित अर्जास तो प्रत्यक्ष दाखल झाल्याच्या वर्षाचा क्रमांक मिळतो, पण त्याचा दिनांक मूळ अर्जाचाच धरला जातो. पीसीटी अर्जाची वीस वर्षांची मुदत आंतरराष्ट्रीय अर्जाच्या दिनांकापासून मोजतात.

अर्जाचा मागोवा

शुल्काच्या पावतीवर सीबीआर क्रमांक असतो. तो भरण्याची नोंद दाखवतो. अर्ज क्रमांक त्याहून वेगळा असतो. तात्पुरते विनिर्देशपत्र दिले असल्यास पूर्ण विनिर्देशपत्र बारा महिन्यांत द्यावे लागते व ते त्याच अर्ज क्रमांकाखाली जमा होते.

दाखल दिनांक किंवा अग्रक्रम दिनांक यांपैकी जो आधीचा असेल, त्यापासून अठरा महिने अर्जातील मजकूर गोपनीय राहतो. त्यानंतर तो पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक नियतकालिकात प्रसिद्ध होतो. तेथील नोंदीत (२१) या सांकेतिक अंकापुढे अर्ज क्रमांक, (२२) पुढे दाखल दिनांक, (५४) पुढे शीर्षक, (७१) पुढे अर्जदार व (७२) पुढे संशोधक असतो. हे सांकेतिक अंक आंतरराष्ट्रीय असल्यामुळे भाषा न जाणणाऱ्यासही नोंद वाचता येते.

प्रसिद्धीनंतर पेटंट मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. मंजुरीनंतर एक वर्षापर्यंत हा अधिकार फक्त हितसंबंधी व्यक्तीस असतो. त्यामुळे अर्ज क्रमांक वेळेत माहीत असणे रुग्णसंघटना व प्रतिस्पर्धी उत्पादक यांच्यासाठी महत्त्वाचे ठरते. परीक्षण आपोआप होत नाही, त्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. विनंतीची मुदत ४८ महिन्यांची होती, ती मार्च २०२४ मधील नियमदुरुस्तीने ३१ महिने करण्यात आली. अर्जाची सद्यःस्थिती कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोधप्रणालीवर क्रमांक टाकून विनामूल्य पाहता येते.

उदाहरण: सोराफेनिब

मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाच्या पेटंटाचा प्रवास क्रमांकांच्या आधारे पाहता येतो. बायर कंपनीचा आंतरराष्ट्रीय अर्ज १२ जानेवारी २००० रोजी दाखल झाला. भारतात त्यास आयएन/पीसीटी/२००१/७९९/एमयूएम हा अर्ज क्रमांक मिळाला. ३ मार्च २००८ रोजी २१५७५८ या क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. अनिवार्य परवान्यासाठी मंजुरीपासून तीन वर्षे उलटावी लागतात. ती उलटल्यावर नॅटको फार्मा या कंपनीने जुलै २०११ मध्ये अर्ज केला. तो ‘२०११ चा अनिवार्य परवाना अर्ज क्रमांक १’ म्हणून नोंदला गेला.

९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रकांनी मुंबईत भारतातील पहिला अनिवार्य परवाना दिला. बायरच्या औषधाचा एका महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता. नॅटकोला ८,८८० रुपयांची कमाल मर्यादा घालून देण्यात आली. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. अर्ज क्रमांकात २००१ हे वर्ष असले तरी पेटंटाची मुदत आंतरराष्ट्रीय दिनांकानुसार जानेवारी २०२० मध्ये संपली.