वखारीतला हिशेब

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझी गाठभेट दहावीनंतर राहिली नाही. तरीही आज झाडाच्या स्वयंपाकघराबद्दल, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाबद्दल बोलायला बसलो आहे. त्याचं कारण माझी एक जुनी चूक.

माझ्या अब्बांची जळाऊ लाकडाची वखार होती. दारात साखळ्यांचा मोठा तराजू आणि आत बाभळीचे ओंडके. शाळा सुटली की मी तिथेच. घरी अम्मीच्या चुलीत दिवसाला पाच-सहा किलो लाकूड जायचं आणि सकाळी राख निघायची ओंजळभर. तिनं भांडी घासायची. एकदा मी अब्बांना विचारलं, ‘‘एवढं लाकूड जातं कुठे?’’ गिऱ्हाइकं उभी होती. ते म्हणाले, ‘‘हवेत गेलं, बेटा. तू वजन टाक.’’ मला वाटलं, त्यांनी मला टाळलं.

पुढे कविता लिहायला लागलो, तेव्हा एका कवितेत मी झाडाला ‘उभी राहिलेली माती’ म्हटलं. ओळ लोकांना आवडली. टाळ्याही मिळाल्या. नववीतल्या माझ्या भाचीनं मात्र ती वाचून मान हलवली. ‘‘मामू, झाड मातीचं नसतं. हवेचं आणि पाण्याचं असतं.’’

हा प्रश्न फार जुना आहे. ब्रुसेल्सच्या बाजूला सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाचे एक वैद्य होते. त्यांनी कुंडीत 200 पौंड सुकवलेली माती तोलून घातली, त्यात 5 पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं, तर ते 169 पौंडांहून थोडं अधिक! माती सुकवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंसांनी कमी. म्हणजे झाड वाढलं पाऊणशे किलोच्या आसपास आणि माती घटली छटाकभर. त्यांनी निष्कर्ष काढला, की झाड पाण्याचं बनतं.

गंमत पुढेच आहे. याच गृहस्थांनी 62 पौंड कोळसा जाळून पाहिला होता. राख उरली 1 पौंड. बाकीचे 61 पौंड डोळ्यांना न दिसणारं काहीतरी होऊन निघून गेले, असं त्यांनी नोंदवलं. ‘गॅस’ हा शब्दही त्यांचाच. जळताना लाकूड हवेत जातं, हे त्यांना दिसलं. पण मग ते हवेतूनच आलं असेल, हे काही सुचलं नाही. माझं आणि त्यांचं दुकान एकच म्हणायचं. हिशेबाची एकच बाजू मांडलेली.

दुसरी बाजू मांडायला दीडशे वर्षं लागली. 1779 मध्ये इंगेनहाउझ यांनी दाखवलं, की झाडाचे हिरवे भाग उजेडात असले तरच हवा शुद्ध करतात. 1804 मध्ये द सोस्यूर यांनी वजनं करून सिद्ध केलं, की झाडात कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो आणि वजनात भर घालायला पाणीही असतं.

आता विचार करा. हवेच्या दहा हजार भागांत हा वायू असतो अवघे चार-साडेचार भाग. पानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो आत जातो. मुळांकडून पाणी वर येतं. पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्या जोरावर पाण्याचा रेणू फुटतो. त्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो. आपण जो श्वासात घेतो, तो ऑक्सिजन मूळचा पाण्यातला असतो, हे 1941 मध्ये प्रयोगानं दिसून आलं. उरलेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला जोडला जाऊन साखर तयार होते. त्याच साखरेच्या साखळ्या विणत गेलं की लाकूड. बाभळीचा ओंडका आणि उसाचा रस एकाच घराण्यातले आहेत, हे कळलं त्या दिवशी मी वखार आठवून एकटाच हसलो.

मग माती काय देते? नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम वगैरे. हवीतच, पण मीठ-मसाल्याइतकी. शंभर किलो सुकं लाकूड जाळलं तर साधारण किलो-दोन किलो राख उरते. ती राख म्हणजे मातीनं दिलेलं देणं. बाकी सगळं हवा-पाण्याचं, तिकडेच परत गेलेलं.

इथे द्रव्य आणि ऊर्जा यांची गल्लत होऊ देऊ नका, परीक्षेत हमखास होते. ‘ऊन लाकडात रूपांतरित होतं’ असं लिहिणारी मुलं आहेत. तसं नाही. लाकडाचं वजन द्रव्याचं आहे. ऊन फक्त ते द्रव्य बांधतं आणि त्या बांधणीत अडकून राहतं. चुलीत ऑक्सिजनशी गाठ पडून नवी बांधणी होते, तेव्हा तीच ऊर्जा उजेड आणि ऊब होऊन बाहेर पडते. अम्मी भाकरी भाजायची ती खरं तर साठवलेल्या उन्हावर. द्रव्याचे अणू पुन्हा झाडात जाऊ शकतात. ऊर्जा नष्ट होत नाही, पण उष्णता होऊन विखुरते आणि विखुरलेल्या उष्णतेवर झाडाला साखर करता येत नाही. त्याला रोज नवं ऊन लागतं.

वखार कधीच बंद झाली. अब्बाही गेले. त्यांचं उत्तर बरोबर होतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

त्या ओळीचं काय करायचं, असं मी भाचीला विचारलं. दुसऱ्या आवृत्तीत बदलू म्हटलं, तर कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघते कुठे? तिनं थोडा हिशेब केला आणि म्हणाली, ‘‘राहू द्या मामू. राखेपुरती तुमची ओळ बरोबर आहे. शंभरात एक-दोन टक्के.’’