हेल्पडेस्कवरचा पहिला पगार

बेंगळूरुच्या बाह्य वळण रस्त्यालगत मी राहतो. सकाळी फिरून परतताना कंपन्यांच्या गाड्यांतून उतरणारी, डोळे तारवटलेली तरुण मुले रोज दिसतात. अमेरिकेत कुणाचा पासवर्ड चालत नाही, कुणाचे व्हीपीएन जोडले जात नाही, या तक्रारी निवारण्यात त्यांची रात्र गेलेली असते. अशांपैकी एक, उत्तर कर्नाटकातून आलेला पदवीधर, आमच्या इमारतीत भाड्याने राहतो. मध्यंतरी तो वेतनचिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. ‘‘सर, यातले माझे नेमके किती?’’ एवढेच त्याने विचारले.

पॅकेज वर्षाला २ लाख ४० हजारांचे, म्हणजे महिना २०,०००. पण भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, पाच वर्षे टिकला तरच मिळणारी ग्रॅच्युइटी आणि विम्याचा भार, हे सारे त्या आकड्यातच धरलेले. त्याचा स्वतःचा वाटाही वजा केल्यावर हातात सोळा हजारांच्या आसपास उरतात. त्यातले आठ हजार खोलीचे.

हा मुलगा अपवाद नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एका बड्या कंपनीने वर्षाला २ लाख ५२ हजारांची जाहिरात दिली, तेव्हा समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. ते वेतन अभियंत्यांसाठी नसून तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे, असा खुलासा झाला. जणू तीन वर्षांच्या पदवीधराला भूक कमी लागते! अभियंत्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. दशकापूर्वी त्यांना तीन-सव्वातीन लाखांनी सुरुवात मिळत असे. आज साडेतीनच्या आगेमागे मिळते. २०१२ ला १०० धरणारा ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ अखेर १९० च्या पुढे गेला होता. त्याच वेळी केंद्र सरकारातील सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८,००० आणि त्यावर ५३ टक्के महागाई भत्ता, म्हणजे २७,५४० रुपये होते. मी स्वतः त्या संरक्षित व्यवस्थेचा लाभार्थी असल्याने हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

कामाचा ताण वेतनाहून कमी दिसतो, पण अधिक पोखरतो. प्रत्येक तक्रारीचे ‘तिकीट’ निघते आणि ते किती मिनिटांत बंद झाले हे मोजले जाते. ग्राहकाने दिलेले गुण मूल्यमापनात धरले जातात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि इथल्या मुलांची झोप तासभर पुढे ढकलली जाते. पूर्वी पासवर्ड बदलून देण्यासारखी सोपी कामे मधूनमधून येत, तेवढाच विसावा. ती आता चॅटबॉट करतो. माणसाकडे येते ते फक्त अवघड तिकीट आणि आधीच चिडलेला ग्राहक.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रायटर’ आठवतात. अठराव्या शतकात या कनिष्ठ कारकुनांना वर्षाला पाच पौंड मिळत. उरलेली कमाई त्यांनी खासगी व्यापारातून करावी, हे सगळ्यांना ठाऊक होते. कॉर्नवॉलिसने ती प्रथा मोडली ती केवळ शिक्षेने नव्हे. त्याने जिल्हाधिकाऱ्याला महिना १,५०० रुपये दिले. २०२२ मध्ये ‘मूनलाइटिंग’वरून आयटी कंपन्यांनी नीतिमत्तेचे पाठ दिले, तेव्हा वेतनाचा हा अर्धा भाग कुणी बोलले नाही.

कायदा अगदीच नाही असे नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणारा स्पष्टपणे येत होता. आपण कामगार आहोत, हे मात्र या मुलांना कुणी सांगितले नाही. कर्नाटकाने आयटी क्षेत्राला स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्यातून दिलेली सूट जून २०२४ मध्ये आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. तक्रार निवारण समितीची अट घातली खरी, पण अट पाळली जाते की नाही हे पाहायला निरीक्षक किती? पुढच्याच महिन्यात दिवसाला १४ तासांपर्यंत काम घेऊ देण्याचा प्रस्ताव चर्चेत आला आणि कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरल्या. सेवेत असताना अशा सवलतींच्या बाजूने मीही टिपणी लिहिली आहे. रोजगार वाढेल, हा युक्तिवाद तेव्हा मला पुरेसा वाटला होता. कोणत्या वेतनावर, हा रकाना त्या संचिकेत नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र सक्तीचे झाले, जादा कामाला दुप्पट दराची तरतूद आहे. त्या मुलाला मी हे समजावून सांगितले. पुढच्या पाळीला काम सोपवताना त्याचा रोज अर्धा-पाऊण तास जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही, कारण तोवर तो ‘लॉग आउट’ झालेला असतो. ‘‘त्या वेळेचा हिशेब लेखी मागा, अर्जाचा मसुदा मी करून देतो,’’ असे मी म्हणालो. त्याने शांतपणे वेतनचिठ्ठीची घडी घातली.

‘‘बाँड आहे, सर. अजून चौदा महिने.’’