चंचुपात्रात वाढणारे ऊर्जेचे थर

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक राहिलेले चंद्रकांत लोखंडे यांचे संशोधन पातळ थरांविषयी आहे. नॅनोमीटर-मायक्रोमीटर जाडीचे असे थर बसवायला एरवी निर्वात कक्ष आणि महागडी यंत्रे लागतात. लोखंडे यांनी त्याऐवजी पाण्यातल्या रसायनांची वाट धरली.

‘केमिकल बाथ’ पद्धतीत अमोनियासारखे द्रव्य धातूचे आयन धरून ठेवते. ते सावकाश सुटतात आणि काचपट्टीवर थर धरतो. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आतच राहते. यात बराच माल गाळ होऊन तळाशी जातो. ‘सिलार’ पद्धतीत हे टळते. १९८५ मध्ये वाय. एफ. निकोलाऊ यांनी मांडलेल्या या पद्धतीत धन आणि ऋण आयनांची द्रावणे वेगळ्या पात्रांत असतात. पट्टी एकात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. दर फेरीला थर किंचित वाढतो, त्यामुळे जाडी फेऱ्यांवरून ठरवता येते. हबीब पठाण आणि लोखंडे यांनी २००४ मध्ये या पद्धतीचा सविस्तर आढावा लिहिला.

लोखंडे यांच्या कामाचा सुरुवातीचा भर सौरघटांना उपयोगी अशा धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइडवर होता. पुढे लक्ष बॅटरीसारखीच वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरकडे वळले. बॅटरीत रासायनिक बदल पदार्थाच्या आतवर पोचतात. सुपरकपॅसिटरमध्ये विद्युतभार मुख्यतः पृष्ठभागावर वा त्याच्या लगत साठतो. म्हणून तो झटपट भरतो, झटपट रिकामा होतो आणि लाखो फेऱ्या टिकतो. सच्छिद्र नॅनोरचनेचे महत्त्व इथेच आहे: पृष्ठभाग जितका मोठा, तितकी साठ्याला जागा जास्त. रुथेनियम ऑक्साइड यासाठी उत्तम, पण फार महाग. त्यामुळे मँगनीज, कोबाल्ट, तांबे यांची ऑक्साइडे तपासली गेली. लोखंडे, दीपक दुबल आणि ओ-शिम जू यांनी २०११ मध्ये धातू-ऑक्साइडच्या थरांवरील अशा सुपरकपॅसिटरांचा आढावा घेतला.

या कामाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. थर अतिशय पातळ असला की दर ग्रॅममागे साठ्याचा आकडा मोठा दिसतो, पण प्रत्यक्ष उपकरणात तो पदार्थ असतो नाममात्र. शिवाय बाजारातले सुपरकपॅसिटर किलोमागे साधारण ५ ते १० वॅट-तास साठवतात. लिथियम-आयन बॅटरी १५० ते २५०. त्यामुळे सुपरकपॅसिटर बॅटरीची जागा घेणार नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा टिपण्यासारख्या क्षणिक कामांत तो तिच्या जोडीला राहील.

तरीही कोल्हापूरच्या या कामाचे मोल मोठे आहे. मोजके साहित्य असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही या पद्धतींनी नॅनोपदार्थांवर संशोधन करता येते.