दुबार नावांवरचा लाल रंग

पतसंस्थेच्या सभासदांची यादी असो, शाळेचा पट असो की कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांची नोंद, एकच नाव दोनदा आले आहे का हे नुसत्या डोळ्यांनी शोधणे फार जिकिरीचे असते. ५०० नावांच्या यादीत प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहायचे म्हटले तर १,२४,७५० जोड्या होतात. एक्सेलमध्ये मात्र रकाना निवडायचा, ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये जाऊन ‘ड्युप्लिकेट व्हॅल्यूज’ हा नियम घ्यायचा, की दुबार नोंदी क्षणात फिकट लाल होतात. ‘अट पूर्ण झाली तर घराचे रूप बदल’ ही सोय एक्सेलमध्ये १९९७च्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा एका घराला तीनच अटी लावता येत. दुबार नोंदींचा तयार नियम २००७च्या आवृत्तीत आला.

यादी तीच, नावे तीच, तरी रंग चढताच काम इतके हलके का होते? याचे उत्तर आपल्या दृष्टीत आहे. ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यासह १९८० साली एक सिद्धांत मांडला. त्यांच्या प्रयोगांत लोकांना पडद्यावरच्या अक्षरांच्या गर्दीतून एक ठरावीक खूण शोधायची होती. ती खूण फक्त रंगाने वेगळी असली, तर भोवती पाच अक्षरे असोत की तीस, शोधायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच भरे. रंग आणि आकार या दोन्हींची जोडी जुळवून शोधायची असली, की मात्र गर्दी वाढेल तसा वेळ वाढत जाई, कारण मग लक्ष एकेका खुणेवर फिरवावे लागते. नावे वाचून ताडणे हे या दुसऱ्या प्रकारचे, किंबहुना त्याहून अवघड काम आहे. कंडिशनल फॉरमॅटिंग ते यंत्राकडे सोपवते आणि डोळ्यांसाठी पहिल्या प्रकारचे सोपे काम ठेवते.

म्हणूनच एका तक्त्यात पाच-सहा रंग भरणे मला पटत नाही. सगळीच घरे रंगली की कुठलेच घर उठून दिसत नाही आणि डोळा पुन्हा एकेक घर वाचू लागतो. जुळलेल्या नोंदी हिरव्या, न जुळलेल्या लाल, ही जोडी तर टाळावीच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडे हे प्रमाण कमी असले तरी असे लोक प्रत्येक मोठ्या कचेरीत सापडतील. निळा आणि नारिंगी ही जोडी त्यांनाही ओळखू येते.

तयार नियम पुरत नाही तिथे सूत्र लिहावे लागते. बहुतेक वेळा ते ‘काउंटइफ’चे असते: या घरातली नोंद संपूर्ण रकान्यात किती वेळा आली ते मोज, उत्तर एकाहून जास्त असेल तर रंग दे. सूत्र फक्त पहिल्या घरासाठी लिहायचे. पुढच्या घरांसाठी एक्सेल ते आपोआप सरकवत नेते. पण मोजण्याचा पट्टा सरकता कामा नये, म्हणून त्याच्या पत्त्यात डॉलरचे चिन्ह घालून तो जखडून ठेवतात. हे चिन्ह घालायचे राहून गेले की पट्टाही घराबरोबर खाली घसरतो, आणि दुबार नोंदींतली शेवटची बिनरंगाची राहते. मोजणीचा भारही ध्यानात ठेवावा. १०,००० ओळींत प्रत्येक नोंद साऱ्या रकान्याशी ताडायची म्हणजे १० कोटी तुलना होतात. मोठा तक्ता अडखळत चालतो तो यामुळे.

इथवर सगळे सुरळीत वाटते. अडचण सुरू होते ती ‘सारखे’ म्हणजे काय, या प्रश्नापाशी.

संगणक नाव वाचत नाही, आकडे ताडतो. युनिकोडमध्ये ‘र’चा क्रमांक २३५२ आहे आणि नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा २३५३. आता ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव घ्या. एक जण ते २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ वापरून टाइप करतो: कऱ्हाड. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देतो: कर्‍हाड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण युनिकोडने दोन्ही रीतींना मान्यता दिली आहे. साठवलेले आकडे मात्र निराळे. ‘ॲ’चेही तसेच. ते अक्षर २४१८ या एकाच क्रमांकाने लिहिता येते, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन दोन क्रमांकांनी. तऱ्हा, गोऱ्हे, कुऱ्हाडे, ॲड., ॲग्रो: आपल्या याद्यांत असे शब्द पावलोपावली येतात, म्हणून मराठीत काम करणाऱ्याने हे कळफलकाचे भेद समजून घेतलेच पाहिजेत. जुळवणीआधी ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडे एकच रूप करून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

रिकामी जागाही अशीच फसवते. नावानंतर चुकून पडलेला स्पेस ‘ट्रिम’ या सूत्राने जातो. पण वेबपानावरून उचललेल्या मजकुरात पुष्कळदा १६० क्रमांकाची, ओळ न तोडणारी मोकळी जागा असते. ती ‘ट्रिम’ने हलत नाही, ‘सब्स्टिट्यूट’ वापरून वेगळी काढावी लागते.

उलट बाजूचा दोष अधिक घातक. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच नेमके धरते. आधारचे १२ आकडे त्यात निर्धोक बसतात. डेबिट कार्डावरचा १६ आकडी क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटच्या अंकाचे शून्य होते. तो मजकूर म्हणून टाकला तर पूर्ण दिसतो खरा, पण ‘काउंटइफ’ मोजताना आकड्यांच्या मजकुराला संख्या समजते. मग पहिले १५ अंक जुळणारे दोन वेगळे क्रमांक दुबार ठरून लाल होतात. इतके लांब क्रमांक ताडायचे तर ‘समप्रॉडक्ट’मध्ये थेट बरोबरीचे चिन्ह वापरावे, तिथे मजकुराची तुलना मजकुराशीच होते.

समजा, हे सगळे निस्तरले. जुळणी अंकाअंकाने खरी आहे. तरीही ती दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे सांगत नाही. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त असते, कारण तिथे १,७७० जोड्या बनतात. महाराष्ट्रात तर याहून मोठे कारण आहे. जन्माचा दाखला नसलेल्या मुलांचे नाव शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख टाकत. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख तीच आहे. अशा यादीत जन्मतारखेच्या रकान्याला दुबारचा नियम लावला, तर १ जूनच्या लाल ओळीच ओळी दिसतील, आणि त्यांतला प्रत्येक माणूस वेगळा असेल.

विखुरलेल्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ठरवण्याचे शास्त्र जुने आहे. कॅनडात हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या जन्म व विवाहांच्या नोंदी संगणकाने जोडून दाखवल्या आणि १९५९ मध्ये ते काम ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्याला पक्के गणित दिले. त्यातली मध्यवर्ती कल्पना कुणालाही पटेल अशी आहे: प्रत्येक जुळणीचे वजन सारखे नसते. ‘पाटील’ हे आडनाव जुळले तर त्याचे वजन थोडे. पंचक्रोशीत एकाच घराण्याचे असलेले आडनाव जुळले तर बरेच जास्त. १ जून जुळण्याला जवळजवळ काहीच वजन नाही, १७ ऑक्टोबर जुळण्याला आहे. ‘काउंटइफ’ला हे वजन कळत नाही. त्याला फक्त आहे किंवा नाही, एवढेच ठाऊक. ‘काउंटइफ्स’ वापरून नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जन्मतारीख एकदम ताडता येते आणि खोट्या जुळण्या पुष्कळ कमी होतात. त्याच वेळी एखादी वेलांटी चुकल्याने खऱ्या दुबार नोंदी निसटूही लागतात. दोन्हींतले काय परवडेल, ते यादी कशासाठी आहे यावर ठरवावे लागते. मतदारयादी, शिष्यवृत्ती, रेशन अशा याद्यांत एक नाव चुकून गाळले तर एका माणसाचा हक्क जातो. तिथे दुबार नोंद काही दिवस राहिली तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून ‘रिमूव्ह ड्युप्लिकेट्स’ या बटणाआधी रंगाचा टप्पा असावा. ते बटण ओळी थेट काढून टाकते; रंग दोन्ही नोंदी जागेवर ठेवून समोर दाखवतो. रंगावर फिल्टर लावला की संशयित नोंदी एकत्र येतात आणि कागदपत्रांशी पडताळता येतात. फक्त तो रंग फाइलबरोबर सगळीकडे जाईल असे धरू नये. तक्ता सीएसव्ही स्वरूपात साठवला, की मजकूर उरतो आणि रंग पुसला जातो. तेव्हा कोणती जोडी खरी दुबार निघाली, कोणती नाही, ते कोणी आणि कोणत्या कागदावरून ठरवले, हे शेजारच्या रकान्यात शब्दांत लिहून ठेवावे.