रोल कोरा का निघतो?

छायाचित्रणावर लिहिण्याचा माझा अधिकार फार तर एका कोऱ्या रोलाएवढा. आमच्या घरात कॅमेरा कुणी हाताळलेला नव्हता. तालुक्याच्या गावी मामांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर त्यांचा पेन्टॅक्स के-१००० माझ्याकडे आला. तरीही लिहायला बसले, कारण अलीकडे आपल्या महाविद्यालयात पाच-सात जणांच्या गळ्यात माळ्यावरून काढलेले जुने कॅमेरे दिसतात, आणि रोल फुकट गेल्याची रडही ऐकू येते. एक रोल आणि त्याची धुलाई म्हणजे माझी पंधरा दिवसांची खाणावळ. तेव्हा चेष्टेचा विषय नव्हे.

२०२४ च्या पोळ्याची गोष्ट. आमची खिलार जोडी पोळ्यानंतरच्या बाजारात विकायचे ठरले होते. आप्पांचा त्यांच्यासोबत धड एक फोटो नव्हता. शिंगे रंगवली, झुली घातल्या, आप्पांनी धुतलेला सदरा घातला. हातात मोबाईल असून मी तो बाजूला ठेवला. हौस, दुसरे काय! छत्तीस चित्रांचा रोल होता. आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी फिल्म ओढायची दांडी अडली नाही. मला वाटले, दोन फोटो जास्तीचे मिळाले. रोल धुऊन आला तो काचेसारखा स्वच्छ. तोवर बैल गेले होते.

मी धुणाऱ्याला बोल लावायला निघाले होते. मामांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, “अगं, कडेचे आकडे वाच की.” फिल्मच्या काठावर कारखान्यातच उजेडाने उमटवलेले आकडे आणि अक्षरे असतात, धुतल्यावर ती दिसू लागतात. चित्रे नाहीत पण आकडे ठळक आहेत, याचा अर्थ धुलाई ठीक झाली, फिल्मवर उजेडच पडला नाही. आकडेही नसतील तर धुण्यात चूक. फिल्म सबंध काळी झाली असेल तर तिला कुठेतरी भलताच उजेड लागला. माझ्या फिल्मचे आकडे अगदी ठळक होते. धुणाऱ्याची क्षमा मनातल्या मनात मागितली.

चूक रोल भरतानाच झाली होती. फिल्मची जीभ उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत नीट अडकली नव्हती. दांडी ओढली की फिरकी फिरे, आकडा पुढे सरके, शटर वाजे. फिल्म मात्र डबीतच बसून. आकडा दांडीच्या ओढण्या मोजतो, फिल्म मोजत नाही, हे मला कुणी सांगितले नव्हते. म्हणून असे करावे: सावलीत बसून जीभ खाचेत घालावी, झाकण उघडे ठेवूनच एकदा दांडी ओढावी, आणि फिल्मच्या दोन्ही काठांची भोके दात्यांवर बसलेली पाहावीत. मग झाकण लावावे. डावीकडची गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून डबीतली ढिलाई काढावी. आता दांडी ओढताना ही डावी कळ आपोआप उलटी फिरली पाहिजे. ती फिरते आहे तोवर फिल्म चालते आहे. मी आता दर फोटोला तिच्याकडे बघते. मैत्रिणी हसतात, हसोत.

शेवटी दांडी अडली की जोर करू नये, फिल्म फाटते. तळाचे बटण दाबून मगच गुंडाळावे. गुंडाळताना हाताला ओढ लागते आणि शेवटी ती एकदम सुटते. त्या दिवशी मला ओढ लागलीच नव्हती.

उजेडाचा हिशेब त्यामानाने सोपा. के-१००० चे शटर पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला, आणि तो बंद करायला बटण नसल्यामुळे भिंगावर टोपी घालून ठेवावी लागते. बॅटरी संपली तरी काम अडत नाही. फिल्म ४०० आएसओची असेल तर शटर १/५०० वर ठेवावे. लख्ख उन्हात छिद्र १६, सावल्या फिक्या पडल्या तर ११, सावली पडतच नसेल तर ८, श्रावणातल्या भरून आलेल्या आभाळाखाली ५.६. शंका असेल तेव्हा एक टप्पा जास्तच उघडावे. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड सोसते, कमी उजेड सोसत नाही. प्रकाशमापकाला पांढरा बैल समजत नाही. त्याच्या मते सगळे जग राखाडी, म्हणून तो पांढऱ्यालाही राखाडी करून टाकतो. अशा वेळी त्याच उजेडात आपल्या तळहातावर माप घ्यावे आणि एक टप्पा वाढवावे.

जुन्या कॅमेऱ्याचे आणखी दोन शत्रू आहेत. झाकणाच्या खाचांतला काळा फोम कुजून डांबरासारखा चिकट होतो आणि फटीतून उजेड शिरून चित्रावर पट्टे उमटतात. तो काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने खरवडावा आणि खाचेत काळी लोकर दाबून बसवावी. आतल्या आरशाला बोट लावू नये. दुसरा शत्रू पावसाळ्यातली बुरशी. चामडी कव्हरात ओल धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा. तांदळात नको, पीठ बसते.

मामांच्या काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म मिळे. तो कारखाना बंद पडला. आता परदेशी फिल्मवरच भागवावे लागते.

माळ्यावर कॅमेरा सापडलाच तर एक लक्षात ठेवा. झाकण उघडण्याआधी डावी कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहा. अडली तर आत रोल आहे. मामांच्या कॅमेऱ्यात तसा एक अर्धा वापरलेला रोल होता आणि मी आधी झाकण उघडले. झटकन लावले म्हणून आतल्या थरांतली चार चित्रे वाचली. त्यांतल्या एकात स्टुडिओची पाटी आहे, आणि तिच्याखाली सायकल धरून उभे असलेले आप्पा.